चौथी नळी

सन सेहेचाळीस साली आमच्या गावात बी.एस्सी.ला गेलेला मी एकटाच होतो, आणि हे मी गावाला एक दिवस विसरू दिलं नाही. कुणाच्या म्हशीचं दूध नासलं की मी कारण सांगणार. विहिरीच्या पाण्याला वास आला की मी कारण सांगणार. ऐकणाऱ्याला पाहिजे असो की नसो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस कुणाला बघायचा असेल, तर त्यानं तेव्हाच्या मला बघायला पाहिजे होतं.

पलूसच्या पुढं कृष्णेच्या अंगाला आमचं गाव. माझे वडील रामगोंडा, त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. ऊस होता, ज्वारी होती, घर खाऊन-पिऊन सुखी होतं. आणि घर कडक जैन. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, पाणी गाळल्याशिवाय तोंडाला नाही, दिवस मावळला की चूल बंद. माझ्या पाठची बहीण शालन तर आमच्यापेक्षा कडक. लहान असताना एकदा कुणीतरी थट्टेनं तिच्या हातावर गाजर ठेवलं, तर हात धुवायला विहिरीपर्यंत पळत गेली होती. आम्ही लय हसलो होतो तेव्हा.

तिचं लग्न सांगलीच्या अलीकडच्या गावात झालं. एकोणिसाव्या वर्षी बाळंत झाली. पोर अकरा दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर शालनचं पोट जे बिघडलं ते बिघडलंच. खाल्लेलं काही अंगी लागेना. दूध दिलं तर दूध पडायचं, वरणाचं पाणी दिलं तर ते पडायचं. सासरच्यांनी चार महिने बघितलं आणि मग बैलगाडीत गादी घालून, तिच्यावर निजवून आमच्या दारात आणून सोडली. आईनं तिला उतरवायला हात धरला, तर मनगटातल्या बांगड्या घसरत कोपराच्या वर गेल्या. आईनं दुसऱ्या दिवशी त्या बांगड्यांना दोरा बांधला.

आप्पा तिला सांगलीच्या एका डॉक्टरकडं घेऊन गेले. मी तेव्हा सांगलीतच कॉलेजच्या वसतिगृहात, परीक्षेच्या गडबडीत. डॉक्टरनं तपासून एक पत्र्याचा डबा दिला. विलायतेहून आलेला, लढाईत उपाशी राहिलेल्या कैद्यांना देत तसला. आत तपकिरी पूड. कोमट पाण्यात चमचाभर, दिवसातून चार वेळा, दोन महिने. एवढं पोटात राहिलं तर पोरगी उभी राहील आणि नाही राहिलं तर पावसाळा बघणार नाही, असं त्यांनी आप्पांना स्पष्ट सांगितलं.

सुट्टी लागून मी घरी आलो तेव्हा डबा सुरू होऊन सहा दिवस झाले होते. डब्यावर इंग्रजीत एवढंच होतं की हे पचवलेलं प्रोटीन आहे. कशापासून केलं, ते कुठंच नव्हतं. मी लगेच ओसरीवर शाळा भरवली. आईच्या हातातली जपमाळ घेतली आणि म्हणालो, प्रोटीन म्हणजे अशी माळ. आपलं आतडं ही माळ तोडून मणी सुटे करतं, मगच ते रक्तात जातात. शालनच्या आतड्याला तोडायची ताकद राहिली नाही, म्हणून कारखान्यात आधीच तोडून दिलीय. काही मणी सुटे, काही दोन-दोन अडकलेले. दोन मणी एकत्र राहिले की त्याला डायपेप्टाइड म्हणतात. आप्पांनी मान डोलावली. त्यांना काही कळलं नव्हतं, पण पोरगा इतका शिकलाय ह्याचंच त्यांना समाधान.

आणि औषध लागू पडत होतं. हे मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून सांगतो. पायाची सूज उतरली. आठव्या दिवशी ती आपण होऊन उंबऱ्यात येऊन बसली आणि आईकडून केस विंचरून घेतले. नवव्या दिवशी सकाळी म्हणाली, ज्वारीच्या कण्या खाव्याशा वाटतात. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि मग कण्या शिजायला टाकल्या.

त्याच सकाळी शेजारचा जोतीराम समाचाराला आला. मराठा रेजिमेंटमधून इटलीची लढाई करून नुकताच सुटून आलेला. मनानं सोन्यासारखा माणूस, पण तोंडाला कडी-कोयंडा नाही. आई त्या दिवशीची दुसऱ्या वेळची पूड पेल्यात कालवत होती. त्यानं नाक वर केलं आणि म्हणाला, "रामगोंडाकाका, ह्येला तर मटनाच्या रश्श्याचा वास येतोय. इटलीत आमाला अर्क मिळायचा, अगदी तसाच."

तो हसला. बाकी कुणी हसलं नाही. आईचा चमचा पेल्यात तसाच थांबला. वास खरंच तसा होता. आम्हाला रश्श्याचा वास कुठून माहीत असणार, म्हणून आम्ही औषधाचा वास समजत होतो. शालननं पेला हातात घेतला नाही.

आप्पा म्हणाले, मी उद्याच्या गाडीनं सांगलीला जातो आणि डॉक्टरला विचारून येतो. बघा, किती सरळ गोष्ट होती. एक दिवसाचं काम. पण मी उसळलो. डॉक्टर स्वतः मांस खाणारा, त्याला आपल्या धर्माचं काय सोयरसुतक, तो औषध संपवायला खोटंही सांगेल, असं मी म्हणालो. घरात रसायन शिकलेला माणूस असताना परक्याच्या दारात कशाला जायचं, हेही म्हणालो. हातच्या काकणाला आरसा कशाला, मी इथं तुमच्या डोळ्यांसमोर दाखवतो. आप्पांनी जायचा बेत सोडला.

मला एवढा जोर का आला होता, तेही सांगतो. त्याच वर्षी आमच्या प्रोफेसरांनी वर्गात एक डायपेप्टाइड शिकवलं होतं, कार्नोसिन. दोनच मणी, त्यातला एक हिस्टिडीन. हे जनावराच्या स्नायूत असतं, झाडपाल्यात कुठंही सापडत नाही. ते स्नायूत काय करतं हे तेव्हा कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. राबताना मांसात आम्ल साठतं, ते हे शमवत असावं, असं प्रोफेसर म्हणाले होते. आणि त्याची खूण सोपी. दोन रसायनं बर्फात गार करून मिसळायची, त्यात पदार्थाचं पाणी घालायचं, वर सोडा. कार्नोसिन असलं की नळी तांबडी होते. माझ्या वहीत हे सुबक अक्षरात लिहिलेलं होतं. तांबडं म्हणजे कार्नोसिन, कार्नोसिन म्हणजे मांस.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच सांगलीला गेलो. होय, त्याच सांगलीला, डॉक्टरच्या दवाखान्यावरूनच. कॉलेजातून रसायनं आणि नळ्या मागून घेतल्या, भुशात घालून बर्फाची लादी घेतली आणि दुपारी परत आलो. दवाखान्याची पायरी चढायचं मनातसुद्धा आलं नाही. तोवर शालननं औषधाला हात लावला नव्हता. कण्याही तशाच राहिल्या होत्या.

गोठ्याच्या पलीकडं, लिंबाखाली मी पाट मांडला. जोतीरामकडून रश्श्याचं पाणी मागवलं होतं, ते त्यानं करवंटीतून लांबून ठेवलं. आई पदर नाकाला लावून उभी होती. आप्पा होते, देवळातले उपाध्ये होते. शालनला बाजेवर निजवून गोठ्याच्या सावलीला आणलं होतं. तिनंच आणायला लावलं होतं.

मी तीन नळ्या मांडल्या. पहिलीत नुसतं पाणी. दुसरीत रस्सा. तिसरीत डब्यातली पूड. पाण्याची नळी पिवळट राहिली. रश्श्याची तांबडी झाली. मग तिसरीत सोडा सोडला आणि ती बघता बघता अशी तांबडी झाली की रश्श्यापेक्षा गडद. काय सांगू, मला त्या क्षणाला आनंद झाला. बहीण समोर हाडांचा सापळा होऊन पडलेली आणि मला आनंद झाला, कारण माझा प्रयोग जमला होता.

शालन बाजेवरून म्हणाली, "आण्णा, नक्की?"

मी म्हणालो, "नक्की."

उपाध्ये शांत माणूस. त्यांनी नळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाले, नकळत पोटात गेलं त्याला णमोकाराची एक माळ पुरे आहे, आजाऱ्यानं आणखी काही करायचं नसतं. मग मला जरा बाजूला घेतलं.

"धनपाल, तुला तिळभर जरी शंका असली, तर आत्ता बोल. शंका असेल तर मी तिला औषध घ्यायला लावीन. तिचं पाप मी माझ्या अंगावर घेईन."

त्या माणसानं माझ्यासाठी दार उघडं करून ठेवलं होतं. एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "शास्त्रात शंका नसते." एका वाक्यात तीन चुका. शास्त्रात शंका असते, मला असायला पाहिजे होती, आणि मी जे करत होतो ते शास्त्र नव्हतं.

शालननं ठरवलं, नऊ दिवस पोटात मांस गेलं, तर नऊ उपवास. सगळ्यांनी तिला समजावलं. उपाध्ये रागावले, आप्पांनी शपथ घातली, आईनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. शेवटी ती तिनावर आली. तीन उपवास, दिवसातून एकदा उकळलेलं पाणी. त्यानंतर औषध नाही, पण तुम्ही द्याल ते खाईन, असं म्हणाली. आम्हाला तेवढाच विजय वाटला. मी तिला काहीच बोललो नाही. मी काय बोलणार होतो? माझ्याच नळीवर विश्वास ठेवू नको म्हणून?

पहिल्या दिवशी ती माळ ओढत होती. दुसऱ्या दिवशी माळ हातातून पडली, ती आईनं तिच्या मुठीत परत ठेवली. तिसऱ्या दिवशी ती आईला बाळाबद्दल विचारत राहिली, पाजायची वेळ झाली का म्हणून. चौथ्या दिवशी पारण्याला आईनं पेज भरवली ती ओठांतून बाहेर आली. आप्पा डॉक्टरला आणायला गाडी जुंपत होते. बैल जुंपून होईपर्यंत शालन गेली. दुपारचे बारा वाजले होते, चैत्राचं ऊन होतं.

सासरची माणसं आली, मातीला थांबली, पण आमच्या घरात पाणी प्यायली नाहीत. जाताना शालनची सासू बाहेर बायकांत म्हणाली, आमची सून मटण खाऊन मेली. ते गावभर झालं. आप्पांनी डबा उसाच्या बांधापलीकडं खड्डा काढून पुरला. आणि भाद्रपदात आम्हा जैनांचं दहा दिवसांचं पर्व आलं, तेव्हा त्यातले नऊ दिवस आईनं कडक उपवास धरले. लेकीचे राहिलेले फेडते म्हणाली. तीन तिनं केले होते, तरी आई नऊच्या नऊ करायची. हिशोब विचारायची कुणाची छाती नव्हती.

मी कॉलेजात परत गेलो. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत परीक्षेआधीची प्रात्यक्षिकं चालली होती. प्रोफेसरांनी प्रत्येकाला एकेक पूड दिली, ओळखा म्हणून. माझ्या वाट्याला पांढरी आली. मी बर्फ घेतला, रसायनं मिसळली, सोडा सोडला. नळी तांबडी झाली. मी वहीत लिहिलं, मांसाचा अर्क, कार्नोसिन आहे.

प्रोफेसरांनी वही बघितली आणि सगळ्या वर्गासमोर हसले. म्हणाले, अरे, हे केसिन, दुधातलं प्रोटीन. ही खूण कार्नोसिनची नाही, त्यातल्या हिस्टिडीनची आहे. हिस्टिडीन दुधात आहे, डाळीत आहे, कुठं नाही? टायरोसिनलाही रंग येतो. पुस्तकात ह्या खुणेखाली दुसरी ओळ आहे, ती तू वाचलीच नाहीस. आणि प्रयोग लावताना जोडीला दुधाची नळी कशी लावली नाहीस?

दुधाची नळी. काय सांगायचं त्यांना! आमच्या घरात संशय घ्यायचा म्हणजे मांसाचा. दुधावर संशय घ्यायचं आमच्यातल्या कुणाच्या डोक्यात येईल? गोठ्यापलीकडं पाट मांडला होता तेव्हा चार हातांवर म्हैस बांधलेली होती. चौथी नळी लावायला चमचाभर दूध लागलं असतं.

मी तसाच उठलो आणि दवाखान्यात गेलो. डॉक्टरांना डब्याचं विचारलं. त्यांनी शालनचं कसं आहे म्हणून विचारलं, मी सांगितलं. मग ते म्हणाले, तसला डबा मांसापासूनचाही येतो, पण माझ्याकडं जैन पेशंट पुष्कळ, म्हणून मी दुधापासूनचाच मागवत होतो. तुमच्या वडिलांना तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, पण मला वाटलं, शंका आली तर विचारतील. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी त्यांना म्हणालो नाही, की विचारायला निघालेल्या माणसाला मीच थांबवलं.

कार्नोसिनचं पुढं मी पुष्कळ वाचलं, मास्तर झालो तरी वाचत राहिलो. प्रोफेसर म्हणाले होते तेच खरं ठरलं, राबणाऱ्या मांसातलं आम्ल ते शमवतं. बैलाच्या खांद्यात असतं तसं माणसाच्याही असतं. जे मी डब्यात शोधत होतो ते शालनच्या दंडात होतं, माझ्या नळी धरलेल्या बोटांत होतं. आणि त्या तीन दिवसांत पोटात काही नसताना तिचं शरीर स्वतःचंच मांस तोडून जगत होतं. मांस कुणी खाल्लंच असेल तर ते असं, आणि ते मी खायला लावलं.

होळीला घरी गेलो. आप्पा रानात होते. आई एकटी परसात धान्य पाखडत होती. मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ते दूध होतं, मटण नव्हतं. माझी चूक झाली.

आधी तिचं तोंड असं उजळलं, की शालन गेल्यापासून तसं मी बघितलं नव्हतं. म्हणाली, "म्हंजी माझ्या पोरीनं खाल्लं न्हवतं." सूप खाली ठेवलं, पदर सावरला आणि निघालीच देवळाकडं, उपाध्यांना सांगायला. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. पाठमोरी होती. मग परत आली आणि माझ्याजवळ भुईवर बसली.

"मग त्या औषधानं ती जगली असती?"

मी म्हणालो, "व्हय."

ती ओरडली नाही. मला मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर मी तिचे पाय धरले असते. तिनं सुपातले खडे वेचायला घेतले. दोन-तीन मुठी धान्य वेचून झाल्यावर खाली बघूनच बोलली.

"ह्ये कुनाला सांगू नगंस. आप्पास्नीबी न्हाई. तुजं लगीन व्हायचं हाय."

मी म्हणालो, आई, शालनला लोक काय काय बोलतात, तुला माहीत आहे.

"बोलू द्यात. ती गेली आता. तू हाईस."

माझं लग्न झालं. पोरंबाळं झाली. आप्पा गेले ते लेक मटण खाऊन मेली असं समजूनच गेले. आई पुढं सव्वीस वर्षं जगली आणि एकही पर्व चुकवलं नाही. आता उपवास सोडले असते तर बायकांनी विचारलं असतं, का सोडलेस म्हणून. म्हणून सव्वीस वर्षं, नऊ-नऊ दिवस, न घडलेल्या पापासाठी ती उपाशी राहिली. बायका तिला नमस्कार करायच्या. लेकीचं पाप आई फेडते म्हणायच्या.

त्या नऊ दिवसांत माझं ताट मात्र ती सुनेला वाढू द्यायची नाही. स्वतः वाढायची. भाकरी, आमटी, आणि शेवटी दुधाची वाटी. मग समोर पाटावर बसायची आणि वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नाही. मी एकदाही नको म्हणालो नाही.